अडखळणाऱ्या मोठ्या माणसांसाठी ऑनलाइन स्पीच थेरपी: काही महिने केल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकते, घ्या ही थेरपी. पण तोतरेपणा मुळापासून घालवायचा म्हणून घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी खालचं सगळं वाचा, कारण जाहिरातीत काय लिहिलंय आणि आत गेल्यावर थेरपिस्ट काय सांगते यात बराच फरक आहे, आणि माझ्या मते बरोबर थेरपिस्टचंच आहे.

मी लहानपणापासून अडखळते आणि माझं काम असं की दिवसभर कॉल आणि मीटिंगा. ही सर्व्हिस म्हणजे व्हिडिओ कॉलवर एकास एक सेशन, थेरपिस्ट शेवटपर्यंत एकच, मधल्या दिवसांत होमवर्क, सोबत सरावाचं एक अ‍ॅप, आणि अधूनमधून ग्रुप सेशन. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. थेरपिस्ट बदलली की अनुभव बदलतो आणि मला जे सांगायचंय ते अशा कुठल्याही सर्व्हिसला लागू पडेल.

पहिलं सेशन पूर्ण तपासणीचं होतं आणि तिथेच मला कळलं की ही बाई कामाची आहे. आधी एक उतारा वाचायला दिला, मग माझ्या कामाबद्दल मोकळेपणाने बोलायला सांगितलं, दोन्ही रेकॉर्ड केलं, आणि किती अक्षरांपैकी किती अक्षरांवर अडखळले याची टक्केवारी काढली. वाचताना मी खूप अडखळले आणि गप्पा मारताना बरीच कमी. मला वाटलं आता ही म्हणेल की वाचायची भीती आहे तुम्हाला. तर ती म्हणाली, "आत्ता तुम्ही 'परवा' म्हणणार होतात ना? ओठ मिटले होते. मग 'त्या दिवशी' म्हणालात." इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, घरच्यांच्यासुद्धा नाही. मला 'प' वर अडतं, त्यामुळे प ने सुरू होणारा शब्द समोर येतोय असं दिसलं की मी आधीच दुसरा शब्द शोधून ठेवते, इतक्या झटपट की ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. वाचताना शब्द बदलता येत नाही ना, म्हणून तिथे सगळं उघडं पडतं. (स्वतःचं नाव पण बदलता येत नाही, आणि माझं नाव प वरूनच आहे, तर विचार करा.)

मग एक मोठी प्रश्नावली भरून घेतली, स्कॉट यारस आणि रॉबर्ट क्वेसल यांनी तयार केलेली 'ओएसेस'. किती अडखळता हा त्यातला अगदी थोडा भाग. फोन उचलायचं टाळता का, बोलून झाल्यावर स्वतःबद्दल काय वाटतं, काम निवडताना बोलण्याचा विचार केला होता का, असले प्रश्न जास्त. जोसेफ शीहान म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, ते स्वतः अडखळायचे, त्यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती, वर दिसतं ते अडखळणं थोडंसं आणि पाण्याखाली लाज, भीती, टाळाटाळ. माझ्या बाबतीत तर वरचा तुकडा अगदीच लहान निघाला आणि खालचं सगळं अवाढव्य. मला वाटतं पैसे वसूल व्हायला तिथूनच सुरुवात झाली.

आता अडखळणं म्हणजे नक्की काय, हे तिने मला माझ्याच रेकॉर्डिंगवरून दाखवलं. एक म्हणजे पुनरावृत्ती, क-क-कधी असं. दुसरं लांबवणं, सससससांगते असं. आणि तिसरा ब्लॉक, म्हणजे आवाजच बाहेर पडत नाही. लोकांना पहिला प्रकार तेवढा माहीत असतो, त्याचीच नक्कल करतात सगळे. माझा बहुतेक कारभार तिसऱ्याचा. ब्लॉक आला की समोरच्याला वाटतं ही विसरली, किंवा हिला उत्तर माहीत नाही, आणि फोनवर तर हमखास "हॅलो, आवाज येतोय का?" सुरू होतं, आणि तो "हॅलो" ऐकला की ब्लॉक आणखी घट्ट. याच्या जोडीला शरीर काय काय करतं तेही व्हिडिओत दिसलं, मी डोळे मिटून घेते आणि उजवा पाय जमिनीवर आपटते. कधीतरी पाय आपटल्यावर शब्द सुटला असणार, तेव्हापासून ती सवय चिकटली, असं तिचं म्हणणं, आणि आता पाय आपटूनही शब्द सुटत नाही पण सवय मात्र आहेच.

कारणांबद्दल तिने जे सांगितलं ते आमच्या घरासाठी फार महत्त्वाचं ठरलं. मी मूळची डावखुरी, लहानपणी पेन्सिल उजव्या हातात दिली, आणि त्यामुळेच हिचं बोलणं बिघडलं असं आई आजवर मनात धरून बसली होती. एका सेशनला तिला पण बसवलं. थेरपिस्टने सांगितलं की ही समजूत नुसती घरोघरची नाही, १९२० आणि ३० च्या दशकात मोठमोठे संशोधकसुद्धा हात बदलल्याने मेंदूतला तोल बिघडतो असं मानायचे, पुढे ते टिकलं नाही. मग वेंडेल जॉन्सन यांचा सिद्धांत आला की आईबाप मुलाच्या साध्या अडखळण्याला नाव ठेवतात आणि त्यातून तोतरेपणा तयार होतो, म्हणजे परत दोष आईबापांवरच. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात अनाथाश्रमातल्या मुलांवर याचा प्रयोगही झाला, त्यातल्या काही मुलांचं बोलणं चांगलं असूनही त्यांना तुमचं बोलणं बिघडतंय असं सांगत राहिले. ज्या विद्यापीठातून हा प्रयोग झाला त्या आयोवा विद्यापीठाने २००१ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. आज जे माहीत आहे ते असं की बोलण्याची आखणी आणि वेळ सांभाळणारे मेंदूतले जे भाग आणि त्यांना जोडणारे तंतू आहेत, विशेषतः डाव्या बाजूचे, त्यांच्यात अडखळणाऱ्यांमध्ये फरक दिसतो, घराण्यात चालत येतं, आणि २०१० मध्ये काही कुटुंबांमध्ये याच्याशी संबंधित तीन जीन्सही सापडले, अर्थात त्यातून सगळ्यांचा उलगडा होत नाही. घाबरल्याने अडखळणं वाढतं, पण घाबरट म्हणून कुणी अडखळत नाही. आई सेशन संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की हे तीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर. मला पण तेच वाटतं आणि रागही येतो, कारण ही माहिती देणं कुठल्याही थेरपीत पहिल्या दिवशीचं काम असायला हवं.

टेक्निक्सवर येते. दोन घराणी आहेत असं समजा. एकात बोलण्याची पद्धतच बदलायची, म्हणजे शब्द हळुवार सुरू करायचा, ओठ आणि जीभ अलगद टेकवायची, स्वर लांबवून, आवाज न तोडता बोलायचं. हे सेशनमध्ये इतकं छान चालतं की पहिल्यांदा मी सलग पाच मिनिटं न अडखळता बोलले तेव्हा मला रडू आलं. पण दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळं गायब. आणि चाललं तरी आपलं बोलणं आपलं वाटत नाही, सपाट, यंत्रासारखं, आणि लक्ष इतकं द्यावं लागतं की काय बोलतोय तेच विसरायला होतं. काही लोकांना हे मनापासून आवडतं, ग्रुपमध्ये एक जण रोज असंच बोलतो आणि खूश आहे, त्यामुळे मी वाईट म्हणणार नाही. माझ्यासाठी नव्हतं एवढंच.

दुसरं घराणं चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन स्पीच थेरपिस्टचं, तेही स्वतः अडखळायचे. यात अडखळणं थांबवायचं नाही, सोपं करायचं. शब्द अडखळून झाला की थांबायचं आणि तोच शब्द सैल करून परत म्हणायचा, ही पहिली पायरी. मग अडखळत असतानाच त्यातून सुटायचं. आणि शेवटी अडणार हे कळल्यावर आधीच तयारीने शब्दात शिरायचं. मधल्या पायरीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. प वर ब्लॉक आला की एरवी मी आणखी जोर लावते. ती म्हणायची, ढकलू नका, पळू पण नका, तिथेच थांबा आणि ओठ काय करतायत ते बघा. बघितलं तर ओठ घट्ट आवळलेले, हनुवटी वर गेलेली, श्वास घशात कोंडलेला. मग जोर थोडा थोडा कमी करायचा, ओठ एकदम न उघडता सैल सोडायचे, आवाज हळूच सुरू होऊ द्यायचा, आणि तो प थोडा लांब, थोडा वेडावाकडा का होईना बाहेर येतो. ऐकणाऱ्याला मी अडखळले हे कळतंच. पण मला त्यात दम लागत नाही, आणि परवा ला परवाच म्हणता येतं.

होमवर्क कठीण आहे, सांगून ठेवते. एक होमवर्क मुद्दाम अडखळायचं. अनोळखी ठिकाणी फोन लावायचा, वेळ विचारायची, आणि ज्या शब्दावर अडत नाही त्यावर आपण होऊन अडखळायचं. ऐकायला विचित्र वाटतं, मी एक आठवडा टाळलं पण. ज्या गोष्टीपासून जन्मभर पळालो तीच स्वतःच्या हाताने केली की तिचा धाक उतरतो असा त्यामागचा विचार, आणि माझ्या बाबतीत तो खरा ठरला. दुसरं होमवर्क म्हणजे कॉलच्या सुरुवातीला एक वाक्य, "मी अडखळते, मला थोडा वेळ लागेल." ऑफिसमध्ये पहिल्यांदा म्हटलं तेव्हा कुणी काही बोललं नाही, कॉल पुढे चालू राहिला. त्यानंतर माझ्या ब्लॉकमध्ये कुणी "हॅलो हॅलो" केलं नाही. या एका वाक्यासाठी मी थेरपिस्टला किती मार्क द्यावेत कळत नाही.

अ‍ॅपबद्दल. हेडफोन लावायचा, बोलायचं, आणि आपलाच आवाज किंचित उशिरा आपल्या कानात येतो. बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये यावर लिहिलं होतं, की साधारण २०० मिलिसेकंद उशीर ठेवला तर नीट बोलणारा माणूसही अडखळायला लागतो. आणि गंमत म्हणजे अडखळणाऱ्या बऱ्याच जणांचं बोलणं उशिरा आलेल्या आवाजाने सुधारतं, त्यांना ५० ते ७५ मिलिसेकंद इतका छोटा उशीरही पुरतो. दुसऱ्या कुणाबरोबर एकत्र वाचताना आपण जवळपास अडखळतच नाही ना, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी असावं असं बरेच जण मानतात. वाचनाच्या सरावाला अ‍ॅप मस्त आहे. पण दोन अडचणी. एक, सुरुवातीला जो फरक जाणवला तो माझ्या बाबतीत हळूहळू ओसरला. दोन, माझा ब्लॉक आवाज निघायच्या आधीचा, आणि आवाजच निघाला नाही तर अ‍ॅप परत ऐकवणार काय? ज्यांचं अडखळणं पुनरावृत्तीचं आहे त्यांना कदाचित जास्त उपयोग होईल. आजूबाजूला गोंगाट असेल तर तो पण उशिरा कानात येतो आणि डोकं उठतं. फक्त अ‍ॅपसाठी मी ही सर्व्हिस घेतली नसती.

ग्रुप सेशन माझ्या आवडीचं. अडखळणाऱ्या दुसऱ्या बाईशी मी तिथे आयुष्यात पहिल्यांदा बोलले. मोठ्यांमध्ये साधारण १०० मध्ये १ जण अडखळतो, आणि त्यात चार पुरुषांमागे एक बाई, त्यामुळे आम्ही एकमेकींना सापडतच नाही. तिथेच हेही कळलं की बोलणं अडतं म्हणजे सगळ्यांचं एकच दुखणं नव्हे. एक जण इतका भरभर बोलायचा की शब्दांची मधली अक्षरं गिळली जायची, वाक्य मधेच सोडून दुसरं सुरू, आणि त्याला स्वतःला ते जाणवायचंच नाही, लोक "काय? परत सांग" म्हणतात एवढीच त्याची तक्रार. याला क्लटरिंग म्हणतात. मला अडणारा शब्द दोन सेकंद आधी दिसतो, त्याला झाल्यावरही कळत नाही, मग आमचा इलाज एक कसा असेल? त्याला स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकवणं आणि मधे थांबायला शिकवणं यावर भर होता. आणखी एकांचं बोलणं स्ट्रोकनंतर अडायला लागलं होतं, ते शब्दाच्या मधेही अडायचे. तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या बाबतीत मोठेपणी अचानक असं सुरू झालं असेल तर स्पीच थेरपीच्या आधी मेंदूच्या डॉक्टरकडे जा, हे मात्र लगेच करा.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी ही की सेशनची वेळ बदलायची असेल तर हेल्पलाइनला फोन करावा लागतो, आणि फोन उचलतो बॉट. नाव सांगा म्हणतो. माझं नाव प वरून, ब्लॉक आला की बॉट म्हणतो "आम्हाला आवाज आला नाही", दुसऱ्यांदा तेच, आणि तिसऱ्यांदा फोन कट. अडखळणाऱ्या लोकांसाठीच्या सर्व्हिसने हे करावं? मी लेखी तक्रार केली, थेरपिस्टनेही आतून पाठपुरावा केला, अजून चॅटचा पर्याय आलेला नाही. एक पूर्ण सेशन यात वाया गेलं आणि त्याचे पैसे परत मिळाले नाहीत.

नेटवर्क हा दुसरा त्रास. व्हिडिओ अडकला की तिला कळत नाही मी ब्लॉकमध्ये आहे की स्क्रीन थिजलीय. शेवटी आम्ही ठरवलं की ब्लॉकमध्ये असले तर मी हात वर ठेवायचा. चाललं ते, पण प्रत्यक्ष समोर बसून करायची सोय असेल तर निदान सुरुवातीची सेशन्स तशी करा.

आणि ते रिपोर्ट. दर महिन्याला एक ग्राफ येतो, त्यात फक्त न अडखळलेल्या अक्षरांची टक्केवारी. ज्या महिन्यात मी सगळ्यात जास्त बोलले, मीटिंगमध्ये आपण होऊन मुद्दे मांडले, नाव सांगायचं टाळलं नाही, फोन टाळले नाहीत, त्या महिन्याचा ग्राफ सगळ्यात खाली. साहजिक आहे, शब्द बदलणं बंद केलं म्हणजे अडखळणं वर दिसणारच. आणि रिपोर्टवर लाल अक्षरात "प्रगती कमी". मी त्या महिन्यात जितकी मोकळी होते तितकी कधीच नव्हते हो! थेरपिस्ट म्हणाली तो ग्राफ कंपनीचा आहे, माझ्या वहीत वेगळं लिहिलंय. मग कंपनीने तिच्या वहीतलं का नाही दाखवायचं? थेरपीचा उपयोग झाला की नाही हे मी एवढ्यावरच ठरवते, की जे बोलायचं होतं ते बोलले का. नवीन माणूस तो लाल शेरा बघून परत शब्द लपवायला लागेल आणि मग ग्राफ सुंदर दिसेल, याची मला खरंच काळजी वाटते.

जाहिरातीतल्या "कायमची मुक्ती" वगैरे शब्दांवरही माझा आक्षेप आहे. १८४१ मध्ये डीफेनबाख नावाच्या सर्जनने जीभ कापून तोतरेपणा बरा करायचा घाट घातला होता, तेव्हापासून आजपर्यंत खात्रीचा इलाज विकणारे कमी झालेले नाहीत. मोठ्या वयात राहिलेलं अडखळणं खात्रीने घालवणारं औषध किंवा कोर्स नाही, आणि माझ्या थेरपिस्टने हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं.

लहान मुलांसाठी ही सर्व्हिस घेऊ नका, ती त्यांच्यासाठी नाहीच. मुलांचं सगळं वेगळं असतं. साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात ५ ते ८ टक्के मुलं काही काळ अडखळतात आणि त्यातली बहुतेक पुढे आपोआप नीट बोलायला लागतात, पण कोणतं मूल राहील आणि कोणतं सुटेल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे "होईल आपोआप" म्हणून वर्षानुवर्षं बसू नका, विशेषतः घरात आणखी कुणी अडखळत असेल तर. लहान मुलांवर काम करणारी थेरपिस्ट शोधा. मुलांसाठीच्या लिडकोम्बसारख्या थेरपी कार्यक्रमात घरी आईबापांनीच रोज थोडा वेळ थेरपी करायची असते आणि त्याचा चांगला उपयोग झाल्याचं संशोधन आहे.

माझ्याकडून थेरपिस्टला ५ पैकी ५, अ‍ॅपला ३, कंपनीच्या कारभाराला २. मी पुढचे काही महिने वाढवलेत, त्याच थेरपिस्टकडे. तुम्ही घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी विचारून घ्या की थेरपिस्टने तोतरेपणावर खास काम केलंय का (सगळ्या स्पीच थेरपिस्टनी केलेलं नसतं), शेवटपर्यंत तीच राहणार का, आणि वेळ बदलायला फोनशिवाय दुसरा मार्ग आहे का. ट्रायल सेशन देतात ते नक्की घ्या, आणि त्यात मुद्दाम तुमचा सगळ्यात कठीण शब्द वापरून बघा. तो पूर्ण होईपर्यंत ती शांत थांबली तर पुढे जा. तिने तो तुमच्यासाठी पूर्ण केला तर दुसरी थेरपिस्ट मागा, बदलून देतात, त्याचे जास्तीचे पैसे घेत नाहीत.